सध्या काय करून राहिला

उपासना सुटली की पायऱ्यांवर
हातात हात घेऊन, अगदी मायेनं,
सगळे तेच विचारायचे:
‘सध्या काय करून राहिला, बाबू?’
मी म्हणायचो, एमपीएससी.
दोन वर्षं म्हणालो. मग तिसरं.
मग बाजूच्या फाटकातून निघायला लागलो,
जिथं मांडवाचे बांबू पडलेले असतात.

आईनं चिठ्ठी प्रार्थनेच्या डब्यात टाकली.
मला कळलं ते थेट व्यासपीठावरून,
एलीशिबाआजीच्या मोतीबिंदूनंतर:
‘प्रणीत उबाळे, नोकरीसाठी.’
मंडळी म्हणाली, आमेन.
त्या दुपारी मी जेवलो नाही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी
पाळकांनी द्राक्षमळ्याचा दाखला घेतला.
दिवस कलला तरी चौकात उभी माणसं,
ज्यांना कुणी कामाला बोलावलंच नाही.
नागपुरात कुठला द्राक्षमळा?
मला दिसला इंदोऱ्याचा ठिय्या,
डबे धरून उभे असलेले,
आणि त्यांच्यात इस्त्रीचा शर्ट घातलेला मी.

मागच्या बाकावरून दावीदकाका सोनटक्के उठले,
मोतीबाग वर्कशॉपचे रिटायर,
कानानं अधू, म्हणून बोलणं मोठ्यानं:
‘पाळकसाहेब, धनी पाच वेळा चौकात गेला.
आपण किती वेळा गेलो?
हॉलची किल्ली द्या. सहा दिवस कुलूपच असते.’

कमिटीला तीन महिने लागले.
फरशीला तेल लागेल. लग्नाचं बुकिंग जाईल.
वीजबिल कोण भरेल.
आपलीच पोरं घ्यायची, की कोणाचीही?
रोझलिनबाई मीटिंगमध्ये फक्त चहा पाहत.
ट्रे खाली ठेवून म्हणाल्या,
‘ऊन काय आपल्यावरच पडते का जी?’

फेब्रुवारीत, लग्नाच्या ताटांच्या रॅकखाली
अकरा गंजके कूलर आले,
गेल्या उन्हाळ्याची खस, त्यात वाळलेली पाल.
काका तारेचे वेढे मोजायला लावत.
एक चुकला की सगळं उकल.
माझ्या डिग्रीत मोटरचं सूत्र होतं,
जळक्या वार्निशचा वास नव्हता.

सगळ्यांचं भलं झालं, असं नाही.
जोएल आठवड्यात गेला, ‘हे काम आपलं नाही बे.’
शीतल गजभियेला बुटीबोरीत लागलं, बारा तासांची पाळी.
इरफाननं जरीपटक्यात टपरी टाकली,
मे महिन्यात त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते.
मी अजून अर्ज भरतो.
पण बोटांना तारेचे चरे आहेत, आणि आई ते पाहते.

फरशीला तेल लागलंच.
लग्नात त्यावर गालिचा टाकतात.

हल्ली डब्यातल्या चिठ्ठ्या मी वाचतो.
परवा एक निघाली, वहीच्या कोपऱ्यावर, बाईचं अक्षर:
‘नोकरीसाठी. नाव वाचू नये, तो ऐकतो.’
मी ती वाचलीच नाही. खिशात ठेवली,
आणि उपासना सुटायच्या जरा आधीच
बाजूच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो,
बांबूंपाशी,
काय विचारायचं नाही, एवढंच ठरवून.