वडगावात, शनिवारी

टाइमटेबलात आमच्या पेपरला जागा नव्हती,
म्हणून शनिवारची दुपार मिळाली
आणि बॉटनीच्या वाळक्या नमुन्यांशेजारची खोली.
ऑनर्सची नऊ मुलं. तीन क्रेडिट.
मार्कांच्या पोर्टलवर 'विषय' या रकान्यात
इतिहास आहे, अर्थशास्त्र आहे, समाजशास्त्रसुद्धा आहे,
आम्ही नाही.
क्लार्क बिरजे म्हणाले, खाली सरका सर, अजून खाली,
'इतर' दिसतंय न्हवं? दाबा की.
दाबलं.

तर आम्ही इतर, त्या शनिवारी
टिळकवाडीचं दुसरं गेट उघडायची वाट बघून
वडगावला गेलो.
सहना बुचडीच्या घरात चार माग आहेत
हे ती वर्गात कधी बोलली नव्हती.
तिच्या निबंधात 'असंघटित क्षेत्र' होतं,
बाबा नव्हते.

आठवडाभर मी बजावलं होतं :
एकाच वस्तूला सगळ्यांनी विचारायचं,
आपापल्या शास्त्राच्या कुंपणावर बसून नव्हे,
खाली उतरून.
बोलायला काय जातंय माझं.
तौसीफ सनदी दाराशीच मजुरीचा हिशेब मांडून बसला,
प्रज्वलला पहिला माग कुठल्या साली आला ते हवं होतं,
समिधा हुंदरे नक्षीची नावं उतरवून घेताना
पेन थांबवून म्हणाली,
सर, साडीला काठ असतो,
मग जिल्ह्यालाच सीमा का?
मी म्हटलं, लिहून ठेव.
उत्तर नसलं की मी असंच म्हणतो.

मागांचा आवाज असा
की प्रश्न दातांपाशीच विणला जायचा.
आम्ही ओरडत होतो.
रुद्राप्पा बुचडी ओरडत नव्हते.
एकतीस वर्षांत कान गेले, सहनानं कानाशी येऊन सांगितलं,
ओठ वाचतात.
कानडी ओठ वेगळे, मराठी वेगळे,
दोन्ही वाचतात.
पाट्यांवरून दगड उचलणाऱ्या या शहरात
असा वाचक मी पाहिला नव्हता.

मग करंट गेला.
चारही माग एकदम थांबले,
आणि त्या शांततेत तौसीफचा प्रश्न
ओरडण्याच्या भरात एकटाच पुढे गेला :
"एका साडीमागं तुम्हाला किती उरतात?"
शेजारच्या खिडकीतून कुणी वाकून बघितलं.
तो खाली बघत राहिला. सहना त्याहून खाली.
रुद्राप्पांनी बोटांनी आकडा दाखवला,
दोनदा,
कारण पहिल्यांदा आमच्यातल्या कुणी पाहिलाच नाही.

चहा आला. ताण्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं,
येन री सर, काय शिकवतायसा पोरांस्नी?
मी सावकाश, ओठ ताणताणून म्हटलं,
मानव्यविद्या.
चेहरा उजळला त्यांचा. "पान-विड्या?"
सहना हसली, चार महिन्यांत पहिल्यांदा,
मग सगळेच.
ओठांवर म आणि प सारखेच उमटतात, मेल्विन म्हणाला,
एका पेपरात वाचलंय मी,
आणि वहीत समास आखू लागला.

रुद्राप्पांनी चंची सोडली.
मी पान खात नाही. खाल्लं.

पद्मजा उपाध्ये, तत्त्वज्ञानाची,
सकाळपासून एक अक्षर न बोललेली,
माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली,
"पण सर, लाली असते कशात?
पानात? चुन्यात? का कातात, का..."
करंट आला.
चारही माग सुरू.
तिचं उरलेलं वाक्य कुणालाच ऐकू आलं नाही.
ते पाहिलं फक्त रुद्राप्पांनी,
धोटा सुटता सुटता,
आणि मान हलवली.
होय म्हणून, की नाही म्हणून,
ते आम्हा दहा जणांच्या टिपणांत
अजून जुळत नाही.