तर

दांडिया बाजारात, वरच्या खोलीतली वुलान
मला तिची भाषा शिकवते, भाड्यात दोनशे सूट.
सगळ्यात तिखट: पालिंग पदास.
उदाहरणार्थ कालची शेवउसळ.
तिचं नाक अजून लाल आहे.

किंवा शब्दाआधी नुसता 'तर' जोडायचा.
जाऊह लांब, तरजाऊह सगळ्यात लांब.
मला गंमत वाटली. आपला तर शेपटाला,
उच्च, उच्चतर, दोघांतच झुंजवत बसतो,
पहिलं यायचं तर तमचे पाय धरायचे.
तिचा पुढे उभा राहतो आणि थेट जिंकतो.

"पण जपून," ती मोडक्या गुजरातीत म्हणाली,
"तरतिदूर म्हणजे सगळ्यात झोपलेला नाही.
नकळत डोळा लागलेला.
तरलुपा, मुद्दाम नव्हे,
राहून गेलं, विसरलं."

मी वहीत वाक्यं केली:
मुलगी सुराबायाला. तरजाऊह.
तीन रविवार फोन नाही. तरलुपा.

"यातला कुठला तर?"
तिने लाल पेन उचललं.
नकळतचा, म्हटलं.
तिने बरोबरची खूण केली,
जरा मोठीच.

तर,
उद्या सातला पुढचा धडा.