स्टेपनी

तीन दिवस ऐकू येत होतं.
महाप्याच्या वळणावर खण्ण,
रबाळ्याच्या गतिरोधकावर खण्ण खण्ण,
आणि मी रेडिओचा आवाज वाढवत होतो.
बायको म्हणते, दुखणं अंगावर काढू नये.
गाडीबद्दल म्हणत नसते ती,
पण लागू पडतं.

आज घणसोलीच्या सिग्नलला
शेजारच्या स्कूटरवरची शाळकरी पोरगी
खाली बोट दाखवून हसली.
तिच्या बापाने हेल्मेटची काच वर केली:
"चाक लोंबतंय तुमचं."
चारचौघांत कुणी नाडी लोंबतेय म्हणावं, तसं.

तुर्भ्याच्या पुढे नाल्याकडेला घेतली.
हौद्यात दहा लाद्या बर्फ, वर गोणपाट,
दिवाळ्याच्या जेट्टीला होड्या लागायची वेळ,
आणि केबिनमध्ये हिराजीमामा,
जो आता समुद्रात जात नाही,
बर्फाबरोबर जातो.

पुठ्ठा अंथरला, उताणा आत सरकलो.
गाडीच्या पोटाखाली कुणी रंग देत नाही,
लिंबू-मिरची बांधत नाही.
आईचा आशीर्वाद मागच्या फाळक्यावर आहे,
इथे नुसता गंज;
मासळीचं पाणी फळ्यांतून झिरपून
खारावलेलं लोखंड,
नख लावलं की पापुद्रा हातात.

बर्फाचा एक थेंब डोळ्यात पडला.
दुसरा बरोबर कपाळाच्या मध्यावर.
पिंडीवर अभिषेकपात्र टांगतात,
तसा मी, आडवा, तेलकट,
कुणाच्याच नवसाला न पावणारा.

साखळी तुटली नव्हती.
विंचचे दाते झिजून गुळगुळीत झालेले,
रोज एकेक कडी सोडत आली असणार,
कुणाला न सांगता.

जॅक लावला थेट स्टेपनीखालीच.
एरवी दोघं एकाच संकटाला बाहेर येतात,
आज एक दुसऱ्याचं संकट.
चाक वर गेलं, साखळी ढिली हातात आली,
आणि मग दिसलं:
आडव्या पट्टीला, वरच्या कड्यांतून ओवलेली
एक बुटाची नाडी.
कधीकाळी पांढरी असावी.
सात वेढे, शेवटी दुहेरी गाठ,
लहान मुलांना शिकवतात ती.

ही गाडी मी कळंबोलीतून घेतली, चौथ्या हाताची.
कागदांवर तीन नावं, चेहरा एकाचाही नाही.
त्यातलाच कुणी असाच उताणा पडला असेल,
रात्र असेल, जवळ दोर नसेल,
आणि त्याने बूट काढला असेल.
मग घरापर्यंत
सैल बुटातल्या पायाने क्लच दाबत गेला असेल.

"मेलास का जिता हायस?"
मामाचा हात आत आला,
बाकीचा मामा रस्त्यावर उकिडवा.
हातात डोलीच्या जाळ्याचा दोर, निळा, मिठाने ताठलेला.
"वरशी खाली घे. पोटातशी भायेर कार.
आता त्याच्याच गल्यान घाल. मंग वर."
मी म्हटलं, वरून पाणी गळतंय, सुटेल.
"भिजली का आवलते ती.
पान्यानच शिकलीय."

साखळीचा वेढा पट्टीला दोनदा घेतला,
कडी बोल्टात अडकवली, वर मामाची गाठ.
नाडी कापली नाही.
तिला जरा बाजूला सरकवून तिच्याशेजारीच बांधलं.

जॅक उतरवला. दोन्ही हातांनी चाक गदागदा हलवलं:
चाक हललं नाही, गाडी हलली,
वर लाद्या एकमेकींना घासल्या,
आणि तीन-चार थेंब एकदम तोंडावर.

निघालो. पाठीला पुठ्ठा चिकटलेला तसाच.
मामा म्हणाला, अर्धी लादी गेली नाल्यात,
ती तुझ्या भाड्यातून.
बरं म्हटलं.

नेरूळच्या खड्ड्यांवर मी रेडिओ बंद केला.
"ऐकलंत?"
मामाने कान टवकारले, खिडकीबाहेर पाहिलं,
आत पाहिलं.
"काय?"
मी म्हटलं, तेच.