दहा क्लिपांचं पाकीट

एंडेलच्या दुकानात त्या दाराशीच टांगलेल्या असतात,
काडेपेटीएवढ्या पाकिटांत, दहा-दहा.
एक युरो वीस सेंट.
वरच्या खुंटीवर जपानी, पाच नग सहा युरोंना.
मी वर बघत नाही. मान दुखते, असं सांगते एंडेलला.
तो हसत नाही. पेन्शन त्यालाही किती मिळते, मला माहीत आहे.

पाकीट खिडकीच्या उजेडाकडे धरून
आधी माप बघते.
मोठी घ्यावीशी वाटते, बोटांना बरी पडते,
पण दोन ग्रॅमच्या आमिषाला ती म्हणजे
नाकापेक्षा मोती जड.
आमिष पोहणं विसरतं,
तोंड खाली घालून बुडतं,
आणि तामुला तळ्यातला पर्च काही वेडा नाही.
एकदम बारीक घ्यावी, तर ऑक्टोबरच्या सकाळी
ओल्या, बधिर बोटांनी ती उघडायची कुणी?
शेवटी मधलंच माप. आणि काळी.
चकाकणारी असली की मासे आमिष सोडून
क्लिपलाच चावतात.

घरी टेबलावर पांढऱ्या बशीत दहाही ओतते.
नखानं उघड, मिट. उघड, मिट.
एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजवर होते मी,
जोड नीट बसल्याचा आवाज
मला झोपेतही कळतो.
टिक्.
टिक्.
ठप्प. ही बाजूला.

मग कापसाचा बोळा आतल्या वळणावरून फिरवायचा.
तंतू अडकला, तिथे धार आहे;
आज कापूस धरते, उद्या तंगूस कापेल.
मग पाणी भरलेली दोन लिटरची बाटली
एकेका क्लिपनं दाराच्या मुठीला लटकवायची
आणि चहा प्यायचा.

सात उरतात.
तीन फेकत नाही. एक लाकडाच्या खोलीच्या किल्लीला,
एक शेजारच्या केर्तूच्या जाकिटाच्या तुटक्या चेनला,
एक असू दे.

उलोला क्लिप म्हणजे आळशी माणसाचं काम वाटायचं.
"गाठ मार," म्हणायचा. "तारेला काय कळतं?"
होडीत पाठमोरा बसून, तंगूस ओठांत ओलं करून
पाच वेढे, एक फास, आणि दातानं टोक तोडून थू.
त्याची एक गाठ अजून आहे जुन्या रॉडवर,
हिरव्या चमच्याला.
तो चमचा मी बदलत नाही,
पाण्यातही टाकत नाही.
माझं म्हणाल तर, गाठी आता बोटांतच पडल्यात.
तंगुसात पडत नाहीत.

शनिवारी केर्तू आली होती बरोबर, धक्क्यावर.
धुकं होतं, पलीकडचं चर्च अर्धंच दिसत होतं.
दोन पर्च मिळाले, तळहाताएवढे,
आणि तिसऱ्या वेळी रॉड असा वाकला
की मी "अगं आई" म्हणून खालीच बसले.
पाईक असणार. पर्चची गोष्टच नाही ती.
एक झटका. मग काहीच नाही.
दोरी परत आली तेव्हा टोकाला
क्लिपची तार गवताच्या काडीसारखी सरळ.

"स्वस्तातली होती म्हणून?" केर्तूनं विचारलं.
नऊ वर्षांची आहे, जे बोलायचं ते बोलते.
मी विचार केला.
बाटलीचं वजन बरोबर होतं.
पण बाटली मान झटकत नाही,
हे मी टेबलापाशी बसून कसं ओळखणार होते?
आणि सहा युरोवालीनं तरी...
कुणास ठाऊक. कदाचित तंगूसच तुटलं असतं.

खिशातून डबी काढली. सहा.
अंगठा एकदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला.
केर्तू हात पुढे करत होती, मी दिला नाही.
तिसऱ्यांदा, टिक्.
आमिष फेकलं धुक्यात,
आणि जुन्या सवयीनं
तळ्याला म्हणाले,
"लागलाय. बोला."