जाळीपलीकडं

वडगावच्या बाजारातनं आणलेली सहा पिल्लं
आधी बल्बखाली, बुटाच्या खोक्यात,
मग न्हाणीच्या कोपऱ्यात डालग्याखाली.
पिसं फुटली, माना लांबल्या,
तशी परड्यात नेली.

परड्यात आधीच सातजणी, वर एक कोंबडा.
मधे पोरांच्या क्रिकेटची फाटकी जाळी बांधली.
शेजारच्या हौसाक्का म्हणाल्या,
"पंधरा दिस नुसतं बघू देत एकमेकींस्नी.
बघून बघून राग शिळा हुतो."

सातजणी जाळीला आल्या.
एक डोळा लावला, मान फिरवून दुसरा.
पिल्लं पाचटात एकमेकींच्या पोटाखाली घुसली,
कुणाची चोच, कुणाचा पाय, कळेना.

काबरी सगळ्यांत थोरली.
तिनं एकदाच बघितलं
आणि उकिरड्याकडं निघून गेली.
तिला काय पडलंय.

पेटली ती लंगडी.
कण्या टाकल्या की शेवटी पोचणारी,
दांडीवर कडेला, वाऱ्याच्या बाजूला बसणारी,
पाठीवरचं पीस कधी पुरतं उगवू न दिलेली.
तीच जाळीत मान खुपसून
दिवसभर चोची मारत राहिली.
चार दिवस अंडं नाही.

मी शिरोलीच्या फौंड्रीत, मोल्डिंगला.
सन्मती नवीन आला
तेव्हा सगळ्यांत खालचा मी होतो.
"जा, स्टोअरमधनं डाव्या हाताचा हातोडा आण,"
म्हणून तीनदा पाठवला त्याला.
तीनदा गेला.
सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो.

बादली हातात धरून मी किती वेळ उभा होतो
कुणास ठाऊक.

सोळाव्या रात्री शियेत लाइट नव्हती.
बरंच झालं. अंधारात कोंबडीला दिसत नाही.
एकेक पिल्लू मुठीत धरून नेलं,
त्यांची काळजं माझ्या बोटांना लागत होती,
आणि दांडीवर जागा मिळेल तिथं ठेवलं.
शेवटच्याला जागा कडेलाच होती.
लंगडीनं झोपेतच अंग हलवलं,
पंख थोडा उचलला.
मुद्दाम की कसं, मला माहीत नाही.

उजाडल्यावर त्याच पिल्लाच्या डोक्यात
तिनं एक सणसणीत चोच घातली.
ते पळालं. परत आलं.

कण्या टाकल्या.
काबरी आली, मागनं बाकीच्या.
लंगडी आली सातवी,
थांबली,
मागं वळून बघितलं.

मागं सहा होती.