फक्की

आम्ही जिंकलो त्या दिवशी खाली गेलो.
हे नीट सांगायला हवं, कारण सांगलीत
लोक म्हणतात, मिरजेची पोरं हरली.
हरली नाहीत. दोन-एक.
दुसरा गोल बाहुबली मगदूमनं डोक्यानं मारला,
ज्यानं हंगामभर डोक्याचा उपयोग
फक्त टोपी घालायला केला होता.

शिट्टी झाली. दस्तगीर बूट भिरकावून पळत सुटला,
त्यातला डावा अजून माझ्याकडं आहे.
यार्डाच्या भिंतीवरची पोरं धपाधप आत उतरली,
सिग्नलला अडकलेल्या मालगाडीच्या गार्डनं
हिरवं निशाण हलवलं, आमच्यासाठी की गाडीसाठी
कोण जाणे.

मग आरवाडे सेक्रेटरी दिसले.
एका कानाला फोन, दुसऱ्या कानात बोट.
त्यांनी बोट काढलं नाही. फोन खाली आला तरी
बोट तसंच कानात.
तासगावला बरोबरी.
विट्याच्या कुणा पोरानं शेवटच्या मिनिटाला,
गुडघ्यानं म्हणे, चुकून.

त्यांचे सोळा, आमचे पंधरा.
सोळा झाले असते तर गोलफरकानं राहिलो असतो वर.
चौदा वर्षं अ गट.
आता ब.

आरवाडे म्हणाले, पोरं पुण्याला कामाला गेली म्हणून.
कोच म्हणाला, डिसेंबरात पायात आजार घुसला म्हणून.
जर्सीचे पैसे देणारा गॅसवाला काहीच बोलला नाही,
गाडीची चावी फिरवत राहिला बोटाभोवती.
मीही बोललो नाही.
मी फक्की मारणारा माणूस. मला कोण विचारतो?

पण मला ठाऊक आहे तो एक गुण कुठं सांडला.
जानेवारी. इस्लामपूर. एक-एक.
सिद्रामनं पाय घातला रेषेवर, बरोब्बर रेषेवर,
रेफ्री धावत आला, वाकला, माझी पांढरी रेघ बघितली
आणि हात केला ठिपक्याकडं.
रेषा म्हणजे आतच, हा नियम आहे.
रेषा खरी असली तर.

आदल्या संध्याकाळी अंधारून आलं होतं.
खुंटीला खाली दगड लागला,
एक पाऊल पुढं सरकून ठोकली.
एवढ्यानं काय होतंय, म्हटलं.
म्हटलं, आणि सुतळी ताणली,
आणि डब्याला भोकं पाडून केलेल्या माझ्या चाळणीतून
चुना पडत गेला, सरळ, सुंदर,
एक पाऊल चुकीचा.

जाळी काढताना येशुदास होता सोबत.
अकरा वर्षांचा गोलकीपर, मिशन हॉस्पिटलात वॉर्डबॉय.
मॅचआधी खांबापासून डीच्या रेषेपर्यंत पावलं मोजायची
त्याची खोड. मी विसरलोच होतो.
गाठ सोडता सोडता म्हणाला,
"जानेवारीत एकोणीस भरली होती."
माझ्या हातातली जाळी तशीच राहिली.
"मग बोलला का न्हाईस?"
"रात्रपाळी करून आलो होतो.
म्हटलं, माझंच मोजायला चुकलं."

एवढंच. त्यानं आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.
त्यानं जाळीची घडी घातली,
हॉस्पिटलात चादरींची घालतात तशी, चार कोपरे जुळवून.

मग आम्ही दोघं उगाच चालत गेलो खांबाकडं.
रेघ आता पुसट झालेली,
बाविसांच्या बुटांनी आणि नाचणाऱ्या पोरांनी
तिचा पांढरा धुरळा पार मध्यापर्यंत नेलेला.
तो मोजत निघाला मोठ्यानं. मी मागून, मनात.
जिथं रेघ असावी असं वाटलं तिथं थांबलो.
त्याची अठरा झाली.
माझी बावीस.

त्याचं पाऊल लांब पडतं.
माझं गुडघ्यामुळं आखूड.

उद्या लक्ष्मी मार्केटात जाऊन टेप आणायचा,
तीस मीटरचा, पोलादी.
ब गटाची डीसुद्धा तेवढीच असते.
पैसे कुठल्या खात्यातून, ते आरवाडे बघतील.
पावतीवर काय लिहायचं विचारलं तर
सांगेन, सुतळी.