नर्मदा नसलेला दिवस

टाकी फुटली असं नाही म्हणता येणार.
उजव्या कोपऱ्यातली सिलिकॉनची शिवण उसवली, बोटभर,
आणि पाणी, रात्री पावणेनऊला,
कुणाला न विचारता
पाहुण्यांच्या गाद्यांकडे निघालं.

घरात तेव्हा बायका अकरा
आणि कोरडा हात एकही नाही.
सगळ्यांची मेंदी ओली, कोपरापर्यंत.
हे कार्यालयात, मांडववाल्याशी वाद घालत.
भाचे सराफ्यात, भुट्ट्याचा कीस खायला.
फोन वाजत होता. उचलायचा कशाने?

आम्ही टाकीभोवती उभ्या, हात वर धरून,
शरण आल्यासारख्या,
आणि एंजलची जोडी खाली खाली सरकतेय
जसं छत सरकेल तशी.

"पिंपातलं घ्या! कालचं आहे, क्लोरीन उडालाय त्यातला!"
ऋजुता ओरडली. नवरी. उद्या संध्याकाळी सीमांतपूजन.
आत्या म्हणाल्या, "ते माझ्या आंघोळीचं आहे."
खरंच होतं ते.
आमच्या सुदामानगरात नर्मदा एक दिवसाआड येते
आणि आज तिचा दिवस नव्हता.
बोरिंगचं पाणी बादलीला पांढरी कड धरतं,
त्यात आमची डाळ शिजत नाही, मासे काय जगणार.

मेंदीवाली शगुफ्ता वन्संच्या हातावर मोराची मान काढत होती.
मान अर्धीच सोडून उठली.
"आंटी, छन्नी। बड़ी वाली।"

घंगाळ पुढे होतं, हळदीसाठी लख्ख घासलेलं.
"तांब्यात नको, मरतील!" परत ऋजुता.
मग काय उरलं?
कोपऱ्यातल्या टेबलावर मांडून ठेवलेलं रुखवत.
त्यातलं सगळ्यात मोठं स्टीलचं भगोनं,
दुकानाची चिकटपट्टीही न निघालेलं,
काठावर नाव कोरलेलं,
अजून तिचं न झालेल्या आडनावासकट.

शगुफ्ताने आत्यांचं पाणी त्यात ओतलं. पाच तांबे, सात, नऊ.
आत्या मोजत होत्या.
मासे पकडताना ती दर वेळी डोळे मिटून घ्यायची.
भीती वाटते म्हणाली, लहानपणापासून, फडफडलं की.
मिटल्या डोळ्यांनी तिने नऊ काढले.

दहावा सकर. काळा, डावाएवढा,
ऋजुता आठवीत असताना आणलेला, चाळीस रुपयांना.
तो काचेला चिकटून बसला तो बसलाच.
छन्नीला दाद देईना.
पाणी उरलं होतं चार बोटं.

मी डावा हात घातला.
मेंदी पाण्यात सुटली, धुरासारखी,
कुणीतरी मागून "अगं अगं" केलं.
त्याचं तोंड काचेवरून निघताना
बारीक आवाज आला, टिचकीसारखा.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्याला हात लावला.
खरखरीत होता. भाकरीच्या करपलेल्या बाजूसारखा.

एक मॉली रात्रीत गेली. ती मी ऋजुता उठायच्या आत
तुळशीजवळ पुरली, आणि सांगितलं नाही.
लग्नघरात असल्या गोष्टी सांगत नाहीत.
चारला आत्या उठल्या, काही न बोलता ओट्याजवळ गेल्या,
एअर पंपाचे बुडबुडे बघत उभ्या राहिल्या.
पावणेपाचला नर्मदा आली,
गल्लीभर मोटारी एकदम घरघरल्या.

फोटोत माझा डावा हात फिका आहे, उजवा काळाभोर.
वन्सं विचारतात, मोर असा बिनचोचीचा कसा.
रुखवतात एक भगोनं कमी होतं.
विहीणबाईंनी मोजलं नाही. किंवा मोजलं असेल.

मासे कुणाकडे राहणार
हे सहा महिने तिने विचारलं नव्हतं, मीही नाही.
वरात निघाली तेव्हाही नाही.
घरी येऊन दिवा लावला तर सकर होता तिथेच,
काठाखाली तोंड लावून,
कोरलेल्या नावाच्या आतल्या बाजूला.